विहीणबाईंचा थंड चुलीचा दिवस

माझ्या नाचणीच्या पिठाचा अख्खा डबा विहीणबाईंनी सिंकमध्ये उपडा केला आणि वरून नळ सोडला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, नातीची धुतलेली दुपटी खांद्यावर टाकून. तपकिरी पाणी गोल फिरत जाळीतून खाली गेलं आणि मी नुसती बघत राहिले. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ होतं ते. ज्यानं केलंय त्यालाच त्याचे कष्ट ठाऊक. नाचणी भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद आचेवर भाजा, दळा, वस्त्रगाळ करा. बाळंतिणीच्या अंगात ताकद येते, दूध वाढतं, म्हणून मुलीला सातवा लागल्यापासून मी ते करून ठेवलं होतं.

मग मी तोंडाला येईल ते बोलले. शब्द त्यांना कळले नाहीत, कारण विहीणबाई चीनच्या आणि मी बार्शीची. आवाज मात्र कळला असणार. त्यांनी नळ बंद केला, रिकामा डबा घासला, पुसला, ओट्यावर पालथा घातला आणि आपल्या पातेल्याकडे वळल्या. घासून ठेवला, बघा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे सगळं चाललं होतं कतारमध्ये, दोह्याला लागून असलेल्या लुसैलमध्ये, माझ्या मुलीच्या फ्लॅटमध्ये. मुलगी दोह्यातच जन्मली, वाढली, शिकली आणि नोकरीला लागली. ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा चिनी इंजिनीअर आमचा जावई झाला. मुलगा गुणी आहे. मला ‘आई’ म्हणतो, पुरणपोळी दुधात बुडवून खातो. लग्नाला आम्ही काही आडकाठी केली नाही. आमचे हे म्हणाले, पोरगी सुखात आहे ना, मग खलास, पुढे बोलू नकोस. मीही बोलले नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे मी मनात धरून बसले होते. माहेर काही लांब नाही. आम्ही इतकी वर्षं दोह्यातच, अल अझीझियात राहतो. मागची खोली झाडूनपुसून ठेवली, नवी गादी घातली, डिंकाचे लाडू वळले, अळीव आणले, बाळंतशेपा आणल्या. आणि मुलगी म्हणते, "आई, आय वॉन्ट माय ओन बेड. तूच इकडे ये ना."

मी गेले. पिशव्या घेऊन दारात पोचते तर आत विहीणबाई आधीच हजर. त्यांच्याकडे सुनेचं बाळंतपण सासू करते. त्याला ते ‘महिना बसणं’ म्हणतात. बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, फक्त खायचं आणि निजायचं. बाकी सगळं सासूनं बघायचं. त्यासाठी ती बाई चीनच्या कुठल्या डोंगराळ भागातून, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून आली होती. मला कोणी आधी सांगितलं नाही. मुलीला वाटलं जावयानं सांगितलं असेल, जावयाला वाटलं मुलीनं. कपाळ माझं! फ्लॅटमध्ये दोन खोल्या. एकीत ती तिघं, दुसरीत आम्ही दोघी विहिणी, एकाच पलंगावर.

मला आता त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर दमणूक. सकाळी डोळे उघडायचे तेच जड. कंबर धरलेली, गुडघे कुरकुरतायत, बाळाचं रडणं कानात बसलेलं, ती झोपली तरी ऐकू येत राहायचं. विहीणबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्याही भिंतीला हात लावत चालायच्या. आम्ही दोघी पलंगाच्या दोन कडांना बसून आपापल्या पायांना तेल चोळायचो, मी तिळाचं, त्या कसल्याशा हिरव्या बाटलीतलं. एकमेकींकडे बघायचोसुद्धा नाही.

काही बाबतींत आमचं जमायचं, आणि जमायचं तिथे मुलीची पंचाईत व्हायची. एसी बंद, हे दोघींनाही मान्य. कान बांधायचे, पाय झाकायचे, गार काही प्यायचं नाही, हेही मान्य. मार्च संपत आलेला, काचेतून ऊन आत येतंय आणि ही बिचारी डोक्याला रुमाल गुंडाळून घामाघूम. "यू टू आर अ गँग," म्हणायची. पण अंघोळीवरून आमचं बिनसलं. आमच्याकडे बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून शेक द्यायचा. त्यांच्याकडे महिनाभर डोक्यावरून पाणीच घ्यायचं नाही. मी पाणी काढलं की त्या न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून दोन्ही हातांनी ‘नको नको’ करायच्या. मी त्यांच्या बाजूनं वाट काढून मुलीला आत न्यायचे.

खाण्याचं तर विचारूच नका. मी अंडंही न खाणारी आणि ओट्यावर सकाळपासून माशाचं पांढरं सूप उकळतंय. बकऱ्याचे पाय उकळतायत. डुकराचे पाय मिळाले असते तर तेच जास्त चांगले, असं जावयानं भीतभीत सांगितलं. म्हटलं, बापू, एवढ्यावरच थांबा. मी दोन शेगड्या माझ्या आणि दोन त्यांच्या अशी मनातच वाटणी केली. एकीकडे शेपूची भाजी आणि अळिवाची खीर, दुसरीकडे त्यांची पातेली. एक्झॉस्ट फॅन बिचारा दोघींचं ओढून ओढून थकला.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच आठवड्यात हलवून गेली. त्यांच्या एका पातेल्यात पिवळं, बारीक दाण्याचं काहीतरी रटरटत होतं. चमच्यानं थोडं वर काढून बघितलं तर, अगं बाई, राळे! आमच्या बार्शीकडे भोगीला राळ्याचा भात असतो, त्याशिवाय भोगी होत नाही. दोह्यात इतकी वर्षं काढली, राळे कुठे दिसले नाहीत. आणि ही बाई चीनहून कपड्यांच्या घड्यांमधून राळ्यांची पिशवी घेऊन आली होती. मी आनंदानं ओरडलेच. फोनमध्ये बोललं की तो चिनीत सांगतो आणि त्या बोलल्या की हिंदीत, अशी सोय जावयानं करून दिली होती. मी फोनला सांगितलं, हे आमच्याकडेही आहे. त्यांनी पिशवीत हात घातला आणि मूठभर राळे माझ्या तळव्यावर ठेवले.

मग त्या बोलत राहिल्या. त्यांच्याकडची माती पिवळी आणि पाऊस थोडा, तिथे भात पिकत नाही. भाताच्या कितीतरी आधीपासून तिकडची माणसं राळ्यावर जगलीत. जुनी थडगी उकरली तर मडक्यांत राळे सापडतात म्हणे. बाळंतिणीला भेटायला जाणारा माणूस तिथे फुलं घेऊन जात नाही. राळे, अंडी आणि लाल साखर घेऊन जातो. पेज मंद आचेवर खूप वेळ ठेवली की वर दाट पिवळी साय धरते. ती साय बाळंतिणीची आणि आजाऱ्याची, घरातल्या दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. त्यांनी ती साय चमच्यानं हलकेच काढली, त्यात लाल साखर आणि दोन उकडलेले बोरासारखे खजूर घातले आणि वाटी मुलीकडे नेली. त्या दिवशी मला त्या आवडल्या होत्या. खोटं कशाला सांगू.

पण एवढं सगळं होऊन दूध काही पुरत नव्हतं. हे एकच दुखणं होतं त्या घराचं. बाळ तासन्‌तास अंगावर चिकटून असायचं, सुटलं की रडायचं. हेल्थ सेंटरमधल्या नर्सनं वजन केलं आणि ओठ मुडपले. वजन भरत नाहीये, वरचं दूध सुरू करा, म्हणाली. मुलगी गाडीत बसल्यावर रडली. तिनं किती काय वाचून ठेवलं होतं, फक्त स्वतःचंच द्यायचं म्हणून. रडत रडत मला म्हणाली, "आई, आय कान्ट इव्हन डू धिस." माझा जीव तुटला. घरी आल्यावर विहीणबाईंना कळलं तेव्हा त्या खुर्चीवर मटकन बसल्या. आम्हां दोघींनाही तो आपलाच नापास झाल्याचा निकाल वाटला.

त्यानंतर आम्ही तिला भरवायला जे लागलो ते विचारू नका. मी खीर घेऊन डावीकडून, त्या सूप घेऊन उजवीकडून. एकीची वाटी संपली की दुसरीची पुढे. ती मान हलवायची, मग डोळे मिटून गिळायची. आणि मनात, हो, सांगून टाकते, मनात मला वाटायचं की त्या माशाच्या पाण्यानंच दूध आटतंय. त्यांना माझ्या शेपूबद्दल तसंच वाटत असणार. तसं त्या शेपूकडे बघायच्याच.

नाचणीचं झालं ते असं. त्यांनी एका दुपारी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय. मी अभिमानानं फोनला सगळं सांगितलं, भिजवण्यापासून वस्त्रगाळ करण्यापर्यंत. फोननं अगदी बरोबर सांगितलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्या कष्टांचं कौतुक वाटलं असेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पीठ नळाखाली.

संध्याकाळी जावई घरी आला तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. म्हणाला, "आई, प्लीज, माझ्या आईवर रागवू नका. आमच्याकडे मोड आणून भाजलेलं धान्य बाळंतिणीला देत नाहीत. जवाला मोड आणतात, भाजतात आणि त्याचं पाणी देतात, पण बाळाचं अंगावरचं तोडायचं असतं तेव्हा. त्यानं दूध आटतं. तिनं ते तिच्या गावात कितीदा पाहिलंय. तिला वाटलं, तुम्ही नकळत..."

मी म्हटलं, जव वेगळे, नाचणी वेगळी. म्हटलं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच देतात आणि पोरं धष्टपुष्ट होतात. म्हटलं, सांगायचं तरी, अन्न असं नळाखाली घालतात होय? त्यानं हे आत जाऊन सांगितलं आणि उत्तर घेऊन आला. त्या म्हणत होत्या, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. मी खरंच ऐकलं नसतं.

पण अबोला धरलाच. ज्या बाईशी मुळात बोलता येत नाही तिच्याशी अबोला कसा धरायचा, असं कोणी विचारेल. धरता येतो. फोन उचलायचा नाही, एवढंच. त्या फोन पुढे करायच्या, मी दुपटी घडी करत बसायचे. एकाच पलंगावर पाठीला पाठ. ह्यांना अल अझीझियात फोन केला तर हे म्हणतात, "अगं, परत ये इकडे, त्या करतायत ना सगळं." यायला काय, पायात चप्पल घालायची आणि निघायचं. पण पोरीला टाकून? आणि खरं म्हणजे तेवढी ताकदही नव्हती. दोन पिशव्या भरायच्या म्हटलं तरी घाम फुटायचा. आणि आतल्या आत एक किडा वळवळत होताच, की खरंच नाचणीनं झालं असेल तर? एवढे दिवस मीच भरवली ना तिला?

एप्रिल लागला. एका शुक्रवारी विहीणबाईंनी मैदा भिजवला. जावयाला सुटी होती, तो टेबलाशी बसून आईला मदत करत होता, मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बाजूला. त्या पिठाचे पक्षी करत होत्या. पाकोळीसारखे लांब शेपटीचे. कात्रीनं पंख कापायचे, नव्या कंगव्यानं दाबून पिसं उमटवायची आणि डोळ्यांच्या जागी माझ्याच मिरीचे दाणे. मग ते चाळणीत ठेवून वाफवले. बघता बघता टेबलावर पक्ष्यांचा थवा झाला. अबोला असला तरी डोळे काय मिटून घ्यायचे? मी बघत होते.

हे कशासाठी, ते जावयानं सांगितलं. त्यांच्या गावच्या डोंगराची गोष्ट आहे. फार पूर्वी एका राजपुत्राला राज्य सोडून परागंदा व्हावं लागलं. खायला काही नाही, उपासमार. तेव्हा त्याच्या एका माणसानं स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला सूप करून पाजलं. पुढे राजपुत्राचा राजा झाला. ज्यांनी ज्यांनी साथ दिली त्यांना त्यानं जमिनी दिल्या, मान दिले, आणि ह्या एकाला विसरला. माणूस काही बोलला नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन डोंगरावर जाऊन राहिला. राजाला उशिरा आठवण झाली, लाज वाटली. बोलावणी धाडली, तो येईना. तेव्हा कोणीतरी अक्कल दिली, की जंगलाला तीन बाजूंनी आग लावा, चौथ्या बाजूनं बाहेर येईल. आला नाही. आग विझल्यावर मायलेक एका झाडाला बिलगून मेलेले सापडले. राजानं फर्मान काढलं, की ह्या दिवशी कोणी चूल पेटवायची नाही. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की एके काळी त्या भागात भर थंडीत महिनाभर आग लावत नसत. म्हातारी माणसं आणि लहान पोरं गार खाऊन दगावायची. नंतरच्या राज्यकर्त्यांनी बंदी घातली, तरी लोक ऐकेनात. हळूहळू महिन्याचे थोडे दिवस झाले, मग तो दिवस पूर्वजांच्या थडग्यांना जायच्या सणात मिसळून गेला. आता शहरांत कोणी पाळत नाही. विहीणबाईंचं गाव त्याच डोंगराच्या पायथ्याशी, म्हणून त्या पाळतात. आदल्या दिवशी हे पक्षी करायचे आणि दुसऱ्या दिवशी गारच खायचे.

"सो स्टुपिड," मुलगी म्हणाली. "त्याला नव्हतं यायचं तर राहू द्यायचं ना तिथे. आग कशाला लावायची?" जावई हसला. आम्ही दोघी हसलो नाही.

मला आमची शिळा सप्तमी आठवली. श्रावणात आईसुद्धा आदल्या दिवशी सगळं करून ठेवायची आणि त्या दिवशी चूल थंड. चुलीला हळदकुंकू लावायचं, शिळं खायचं, पोराबाळांना उष्णता बाधू नये म्हणून. आमची आई त्या दिवशी दुपारी पाय लांब करून बसायची. वर्षात एवढा एकच दिवस तिला तसं बसलेलं मी पाहिलंय. हे मला विहीणबाईंना सांगावंसं वाटलं, पण फोन कोण उचलणार?

शनिवारी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात आवाज नाही. विहीणबाई न्हाऊन, केस घट्ट बांधून, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या. ओट्यावर भिजवलेले राळे, बाजूला साखर आणि खजूर काढून ठेवलेले. गॅस बंद. मला बघताच त्या पुढे आल्या. फोन माझ्या नाकासमोर धरला आणि तो हिंदीत बोलला. मी आज आग लावू शकत नाही. दरवर्षी ह्या दिवसांत मी माझ्या आईच्या थडग्यावर जाते, ह्या वर्षी गेले नाही, तेव्हा एवढं तरी पाळायचं आहे. पण मुलीला गरम हवं. तुम्ही लावा.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, बरी सापडलात. आज चारी शेगड्या माझ्या. आज शेपू, अळीव, डाळ-मेथ्या, काय वाट्टेल ते करीन आणि माशाला हातही लावणार नाही. मी लायटर हातात घेतला. आणि त्या बाईनं राळ्याचं भांडं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. माझं पीठ तिनं ओतलं होतं आणि आपले राळे माझ्या हातात देत होती. मी ते ओतून दिले असते तर? तिनं तो विचारच केलेला दिसला नाही. तिला फक्त पोरीच्या पोटात गरम जायला हवं होतं. मी गॅस लावला आणि त्यांचंच पातेलं चढवलं.

त्या उंबऱ्याबाहेरून हातानं सांगत होत्या. आच कमी. ढवळ. आता नको ढवळू. मधे एकदा मी घाईनं आच वाढवली तर त्यांनी तोंडानं च्‌ च्‌ केलं, अगदी माझी सासू करायची तसं. मला हसू आलं आणि त्यांनाही आलं असावं. राळे शिजायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ आम्ही दोघी त्या पातेल्याकडे बघत उभ्या होतो. पाय भरून आले होते, पण बसलं नाही कोणी. वर साय धरली. मी ती वाटीत काढली, साखर घातली, खजूर घातले आणि आम्ही दोघी मिळून मुलीच्या खोलीत गेलो.

ती पलंगावर टेकून बसली होती. हातात बाटली आणि बाळ चुटूचुटू पीत होतं. जावई खिडकीपाशी, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून. सकाळीच त्याला पाठवून तिनं वरच्या दुधाच्या पावडरीचा डबा आणवला होता. मी वाटी घेऊन तिथेच थबकले. माझ्या मागे विहीणबाईंनी श्वास ओढलेला मला ऐकू आला.

"बघ," मुलगी म्हणाली. "थोडं माझं, थोडं हे. ती रडत नाहीये आई. जस्ट लुक ॲट हर."

पोर खरंच रडत नव्हती. पिता पिता तिचे डोळे मिटत चालले होते. मी वाटी पुढे केली.

"नको," ती म्हणाली. "आई, मला भूक नाही. किती दिवस झाले मला भूक नाही. तुम्ही दोघी भरवता, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी खाते. तुमचं खाते, त्यांचं खाते आणि मग मला रडायला येतं." मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "मी झाले तेव्हा तुला कोणी केलं होतं का गं हे सगळं?"

तिच्या वेळी आम्ही नवे होतो इकडे. दोह्यातल्या बिन महमूद भागात एक खोली होती. माझ्या आईचा व्हिसा झाला नाही वेळेत, आणि नंतर बाबा अंथरुणाला खिळले म्हणून तिला येता आलं नाही. ह्यांची लांब रासलफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्ट. मी आठवडाभर खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, आणलेले खुबूस, ती इकडची जाड रोटी, दह्यात बुडवून खाल्ले. अळीव कोण आणणार? डिंक कुठला? एका हातात तू आणि दुसऱ्या हातानं मी कुकर लावायचे, असं तिला सांगितलं. तिला हे माहीत नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तिनं नवऱ्याला खूण केली. त्यानं आईला विचारलं. विहीणबाई दाराच्या चौकटीला टेकून, खाली बघत, हळू आवाजात बोलल्या आणि तो तुकड्यातुकड्यानं सांगत गेला. त्याचा आवाज मधेच बदलला, कारण त्यालाही हे ठाऊक नव्हतं. तो जन्मला त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांची आई गेली. सासू आजारी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, अंगात ताप असताना, त्या उठल्या आणि चूल पेटवली. घरात खाणारी माणसं होती. राळ्याची पेज त्यांनीच केली आणि साय काढून सासूला दिली, कारण ती आजारी होती.

मुलीनं झोपलेल्या बाळाच्या तोंडातून बाटली काढली आणि ओठ पुसले.

"मग हे तुम्ही खा," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. "खरंच. मला नकोय, आणि तुम्हाला तेव्हा हवं होतं."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात परत आलो. वाटी टेबलावर ठेवली. मी ती विहीणबाईंपुढे सरकवली. त्यांनी मान हलवली, आज त्यांना गरम चालत नाही. वाटी माझ्याकडे परत आली. मी चमचा घेतला. राळे मऊ झाले होते, साय जिभेवर ठेवताच विरघळली. दुसऱ्या घासाला मला रडू फुटलं. कशाचं रडू, विचाराल तर मला धड सांगता यायचं नाही. आईचं, त्या एका खोलीचं, इतक्या वर्षांच्या थकव्याचं. विहीणबाई समोर बसून गार पक्ष्याचा पंख मोडून खात होत्या आणि त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मी माझ्या डब्यातला डिंकाचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. गारच होता. त्यांनी वास घेतला, एक तुकडा चावला आणि डोळे मोठे करून मान डोलावली.

पुढच्या खेपेला नर्सनं वजन केलं, ते भरलं होतं. मुलगी गाडीत गाणं गुणगुणत होती. पण ते नंतरचं. त्या शनिवारी मी फक्त एक गोष्ट ठरवली, आणि कोणाला सांगितली नाही.

रविवारी उजाडताना जाग आली तर पलंगाच्या दुसऱ्या कडेला हालचाल. विहीणबाई पाय खाली सोडून उठायला लागल्या होत्या. आता त्यांना आग लावायची मुभा होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत निजवलं. त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी जाऊन गॅस पेटवला, राळे चढवले, आच मंद ठेवली, आणि साय धरल्यावर ती सगळी वाटीत काढून खोलीत नेली. त्या पुन्हा उठायला लागल्या. "उठायचं नाही," मी म्हटलं, आणि पाठीशी उशी दिली. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली आणि खूप वेळ नुसती धरूनच बसल्या. मग खाल्ली, शेवटच्या चमच्यापर्यंत, आणि तिथेच आडव्या झाल्या. मी त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं आणि दार ओढून घेतलं.